पानफुटीचे गणगोत

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शाकीय प्रजननाचा धडा आला की पानफुटीचे पान येतेच. कडेच्या खाचांतून फुटलेली इवली रोपे, त्यांची पांढुरकी मुळे आणि खाली एक नाव, एवढ्यावर धडा पुढे सरकतो. अनेक घरांत तेच पान निराळ्या कारणाने ओळखीचे असते. शेकून जखमेवर किंवा गळवावर बांधायचे ते पान, घायमारीचे पान. आणि हिवाळ्यात रोपवाटिकांत लाल, केशरी, पिवळ्या फुलांच्या गुच्छांनी भरलेल्या ज्या छोट्या कुंड्या ‘कलांचो’ म्हणून विकायला येतात, त्याही याच घराण्यातल्या. विद्यार्थी, घरगुती औषध जाणणारी आजी आणि हौशी बागकाम करणारा माणूस या तिघांची ओळख एकाच प्रजातीशी आहे. पण एकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत क्वचितच पोचते. ते पोचावे, ही या पुस्तकामागची पहिली इच्छा आहे.

वनस्पतिशास्त्रात जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती आणि प्रजातींचा गट म्हणजे कुल. कलांचो ही क्रॅस्युलेसी कुलातील प्रजाती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल अडान्सन यांनी 1763 मध्ये तिला शास्त्रीय साहित्यात स्थान दिले. आज तिच्यात सुमारे दीडशे जाती मानल्या जातात. त्यांपैकी सर्वाधिक मादागास्कर बेटावर आहेत. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांची मोठी वस्ती आहे, आणि तिथून अरबस्तान, भारत व आग्नेय आशियापर्यंत त्या विरळ होत जातात. मादागास्करमधल्या जाती पाहिल्या की एका प्रजातीत किती रूपे मावू शकतात याचा अंदाज येतो. कुणाची पाने जाड लोकरीने मढलेली, कुणाची पेन्सिलसारखी गोल आणि ठिपकेदार. एखादी जात वीतभर उंचीची, तर बेहारेन्सिस ही माणसाच्या डोक्यावरून जाणारी, जवळजवळ वृक्षच.

इतक्या निरनिराळ्या रूपांना एकत्र बांधणारे सूत्र पानात सापडत नाही, फुलात सापडते. म्हणून नव्या वाचकांनी आधी फूल मोजायला शिकावे, अशी माझी विनंती आहे. चार निदले, चार पाकळ्या, त्याही खाली जुळून नळी झालेल्या, आठ पुंकेसर, चार अंडपर्ण. मांसल पानांच्या इतर अनेक वनस्पतींत, उदाहरणार्थ याच कुलातल्या सीडममध्ये, बहुधा पाचाचा हिशेब असतो. कलांचोमध्ये तो चाराचा आहे. हातात साधे भिंग असेल, तर रोपवाटिकेतल्या कुंडीवरही ही खात्री दोन मिनिटांत करता येते. पानांच्या आकारावर विसंबणारा मात्र हमखास फसतो. पानफुटीचेच पाहा: तिची खालची पाने साधी, एकसंध असतात आणि वरची तीन किंवा पाच पर्णिकांत विभागलेली. एकाच झाडावरची दोन पाने दोघांच्या हाती दिली, तर ती दोन वेगळ्या झाडांची आहेत असे ते शपथेवर सांगतील.

पानफुटीला वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क यांनी 1786 मध्ये ‘कोटिलेडॉन’ या प्रजातीत बसवले होते. 1805 मध्ये पर्सून यांनी तिला कलांचोत आणले, आणि त्याच वर्षी सॉल्सबरी यांनी तिच्यासाठी ‘ब्रायोफिलम’ ही स्वतंत्र प्रजाती उभी केली. लोंबती, घंटेसारखी फुले आणि पानांवर रोपे धरण्याची खोड, या दोन गोष्टी त्यांना वेगळे घर द्यायला पुरेशा वाटल्या. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. आज बहुतेक अभ्यासक ब्रायोफिलमला कलांचोचाच एक उपगट मानतात. औषधांच्या बाजारात मात्र जुने नाव टिकून आहे. वाचकांनी दोन्ही नावे लक्षात ठेवावीत, म्हणजे जुने लेख आणि नवे लेख एकाच झाडाविषयी बोलत आहेत हे कळेल. या प्रजातीच्या वर्गीकरणाचा विसाव्या शतकातला मोठा आधार म्हणजे फ्रान्सचे रेमों-हामे. ते वनस्पतींचे वर्गीकरण करणारे होते आणि वनस्पतिजन्य औषधांचेही संशोधक होते. फूल मोजणारा आणि रसायन तपासणारा एकाच व्यक्तीत भेटावा, हे या विषयाला साजेसेच आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना आनंदाने लिहायला घेतली, तिच्याकडे येतो. बेंजामिन हाइने हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात काम करणारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. मिशनरी म्हणून ते त्रांकेबारला आले आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्यामागून सामलकोटच्या बागेचा कारभार पाहू लागले. 1813 मध्ये त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लॅम्बर्ट यांना एक छोटे पत्र लिहिले. पानफुटीचे पान त्यांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिले होते. सकाळी ते चांगलेच आंबट लागे. दुपारपर्यंत आंबटपणा जाऊन ते बेचव होई. संध्याकाळकडे किंचित कडवट. 1815 मध्ये हे पत्र सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. साधन काय, तर जीभ. प्रयोगशाळा कोणती, तर दक्षिण भारतातली एक बाग. तरी वनस्पतींच्या शरीरक्रियेच्या इतिहासात त्या दोन-तीन पानांना मानाची जागा आहे.

त्या चवीमागची यंत्रणा उलगडायला पुढे शंभरहून अधिक वर्षे लागली. बहुतेक वनस्पती दिवसा पानांची रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि त्याच वेळी त्यांच्यातले पाणी वाफ होऊन निसटते. कोरड्या, तापलेल्या जागी हा सौदा फार महाग पडतो. पानफुटी आणि तिच्यासारख्या वनस्पती रंध्रे रात्री उघडतात. आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठवला जातो. पहाटेपर्यंत हा साठा भरतो, म्हणून सकाळचे पान आंबट. ऊन आले की रंध्रे बंद होतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड आतल्या आत मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते. संध्याकाळपर्यंत आम्ल संपते. या व्यवस्थेला तिच्या कुलावरून ‘क्रॅस्युलेशियन आम्ल चयापचय’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कॅम’ हे छोटे नाव अधिक रूढ आहे. अननस, निवडुंग आणि घायपातही हाच मार्ग वापरतात.

हे ज्ञान आता केवळ पुस्तकी उरलेले नाही. 2017 मध्ये कलांचो फेडश्चेन्कोई या जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. कमी पाण्यात कार्बन बांधण्याची ही रीत इतर पिकांत आणता येईल का, या प्रश्नावर काम करणाऱ्यांसाठी तो मोठा आधार ठरला आहे. हा पल्ला लांबचा आहे आणि त्याबद्दल घाईने आशा लावू नये. पण ज्या मुलखात ज्वारीच्या एका पाण्याचीही गणिते करावी लागतात, तिथल्या वाचकाला या संशोधनाविषयी कुतूहल वाटावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

हाइने यांचा प्रयोग तुम्हीही करू शकाल. फक्त जिभेऐवजी आम्लता दाखवणारी कागदी पट्टी वापरा. सूर्योदयाच्या सुमारास एक पान तोडून त्याचा रस पट्टीवर टेकवा, रंग टिपून ठेवा. त्याच झाडाचे दुसरे पान ऊन उतरताना तोडून तसेच करा. जीभ नको असे का म्हणतो, ते पुढे येईल.

पानावर रोपे येण्याची गोष्ट त्याहून प्रसिद्ध आहे. जर्मन कवी गटे यांना पानफुटीने वेड लावले होते. 1790 मध्येच त्यांनी वनस्पतींच्या रूपांतरणावर ग्रंथ लिहून फुलाचे सारे भाग हे मुळात पानाचेच अवतार आहेत असा विचार मांडला होता. उतारवयात वायमारला त्यांनी पानफुटी वाढवली, तिची रोपे आणि पाने मित्रांना पाठवली. एका पानातून अख्खे झाड उभे राहताना पाहून त्यांना आपल्याच विचाराचा पडताळा मिळाल्यासारखे वाटले असणार. आजच्या अभ्यासकाने मात्र इथे एक बारकावा पाहावा. पानफुटीचे पान सहसा झाडापासून सुटल्यावर रोपे धरते. तिची नातलग डेग्रेमॉन्शियाना झाडावर असलेल्या पानाच्या कडेलाच रोपांची झालर लावते आणि ती जमिनीवर सांडत राहते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, बियांमधला गर्भ घडवणारी यंत्रणा या दुसऱ्या जातीत पानाच्या कडेवर कामाला लागलेली आहे, आणि त्यात भाग घेणारे एक जनुक सदोष झाल्यामुळे तिला रुजणारे बी धरता येत नाही. बियांचे काम पानाने उचलले आहे. मादागास्करच्या एका छोट्या कोपऱ्यातली ही जात आणि तिचे संकर आज ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत उपद्रवी तण म्हणून नोंदले जातात, त्याचे कारण हेच. सज्ज्यातल्या कुंडीत ती लावणाऱ्यांनी सांडलेली रोपे नाल्यात किंवा मोकळ्या माळावर टाकू नयेत.

शोभेच्या कलांचोविषयी थोडक्यात सांगतो. मादागास्करच्या डोंगरांतली ब्लॉसफेल्डियाना ही जात जर्मनीत पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणली. ती लांब रात्रींनंतर फुलते, म्हणून काळ्या पडद्याने दिवस लहान करून तिला वर्षभरात केव्हाही फुलवता येते. या गुणामुळे ती फूलबाजाराइतकीच शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांतही रमली. ब्रायोफिलम गटातल्या काही जातींना आधी मोठे दिवस आणि मग लहान दिवस असा क्रम लागतो. आपल्याकडे पावसाळा सरून थंडी आली की पानफुटीला फुलांचे घोस लोंबू लागतात, त्याला ऋतूंचा हाच हिशेब कारण असतो.

औषधाकडे मी मुद्दाम उशिरा आलो. बहुतेक वाचक इथूनच सुरुवात करू पाहतात आणि म्हणूनच इथेच अडखळतात.

पानफुटीचा लोकोपचारातला प्रवास विलक्षण आहे. मादागास्करहून निघालेली ही वनस्पती उष्ण कटिबंधात जिथे जिथे रुजली, तिथे तिथे लोकांनी तिला औषधात घेतले: भारत, फिलिपीन्स, पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटे, ब्राझील. आणि एकमेकांपासून दूर असलेल्या या समाजांनी तिचे उपयोगही बरेचसे सारखे सांगितले आहेत. जखम, भाजणे, सूज, गळू यांवर पान बाहेरून लावायचे. ही साक्ष हलकी नाही. ब्राझीलच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेने 2009 मध्ये संशोधनासाठी प्राधान्य द्यायच्या 71 वनस्पतींची यादी केली, तीत पानफुटी आहे. रिओ दि जानेरोच्या संशोधकांनी लेश्मानियासिस या परजीवीजन्य रोगावर पानांच्या अर्काचे प्रयोग उंदरांवर केले आणि 1990 च्या दशकापासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होत आले आहेत. अर्कातल्या क्वेर्सिट्रिनसारख्या फ्लॅव्होनॉइड द्रव्यांकडे त्यात लक्ष वेधले गेले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये अकाली प्रसूतिकळा थांबवण्यासाठी 1970 च्या दशकापासून काही रुग्णालयांत तिचा अर्क वापरला गेला, आणि झुरिकमध्ये गर्भाशयाच्या स्नायूंवरील त्याच्या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे.

वाचकांनी या निष्कर्षांची प्रतवारी करायला शिकावे. परीक्षानळीत दिसलेला परिणाम, उंदरात दिसलेला परिणाम आणि माणसांवरील नियंत्रित चाचणीत दिसलेला परिणाम या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पानफुटीवरचे बहुतांश काम पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे. मुतखड्यावर पाने चावून खाण्याचा सल्ला आपल्याकडे फार ऐकू येतो, पण त्याला तिसऱ्या पायरीचा भक्कम आधार मिळालेला नाही. त्यात नावाचाही गोंधळ आहे. ‘पाषाणभेद’ या नावाखाली हिमालयातली बर्जेनिया, आपल्याकडची कपुरमाधुरी, ओव्याच्या पानाच्या गोतातली एक वनस्पती आणि पानफुटी अशा परस्परांशी नाते नसलेल्या वनस्पती दिल्या-घेतल्या जातात. प्राचीन ग्रंथांतला पाषाणभेद म्हणजे मादागास्करहून आलेली पानफुटी, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

धोका हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. कलांचोच्या अनेक जातींत बुफाडायनोलाइड वर्गातली द्रव्ये असतात. ती हृदयाच्या स्नायूंवर काम करतात. भेकांच्या त्वचेतल्या विषात आणि आपल्या रानकांद्यातही याच वर्गाची द्रव्ये आढळतात. ऑस्ट्रेलियात कलांचो खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि तिथल्या तपासणीत विषाचे प्रमाण फुलोऱ्यात सर्वाधिक दिसले. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्या-शेळ्यांना थोड्याथोड्या विषाचा साठा होऊन पक्षाघातासारखा रोग होतो. त्याच्या शोधात लॅन्सिओलाटा या जातीतून ‘लॅन्सिओटॉक्सिन’ ही द्रव्ये वेगळी करण्यात आली. ही जात भारतातही रानटी वाढते. म्हणून ‘कलांचो औषधी आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कोणती जात, कोणता भाग, किती मात्रेत, पोटात की त्वचेवर, या चार प्रश्नांची उत्तरे बरोबर असतील, तरच त्या वाक्याला अर्थ येतो. हृदयाची औषधे घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी यातले काहीही वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पोटात घेऊ अथवा देऊ नये. चाराचा हिशेब मोजायला मी आधी का सांगितले, हे आता लक्षात आले असेल. ओळख पक्की झाल्यावरच औषधाचा विचार सुरू होऊ शकतो.

आपल्या भूमीशी या प्रजातीचे नाते केवळ परदेशातून आलेल्या पानफुटीपुरते नाही, हे सांगताना मला अभिमान वाटतो. सह्याद्री आणि दख्खनच्या कातळांवर कलांचोच्या काही देशी जाती आहेत. डॅल्झेल आणि गिब्सन यांच्या 1861 च्या ‘बॉम्बे फ्लोरा’त ऑलिव्हेशिया ही जात नोंदलेली आहे. थिओडोर कुक यांच्या 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात भिडेई ही जात येते. एका मराठी आडनावाने या प्रजातीच्या शास्त्रीय यादीत कायमची जागा मिळवली आहे. पानफुटीच्या लोंबत्या घंटांसारखी यांची फुले नसतात, ती आकाशाकडे तोंड करून उभी असतात. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी रानात चालताना देशी कोण आणि पाहुणी कोण, हे बऱ्याच अंशी ठरवता येते.

मुळात या देशी जातींवर अवलंबून असावे असे एक फुलपाखरूही आपल्याकडे आहे, रेड पिएरो. मिटल्या पंखांवर पांढऱ्या रंगावर काळे ठिपके आणि कडेला केशरी-लाल पट्टा. त्याची मादी कलांचोच्या पानावर अंडी घालते, आणि अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खात वाढते. पानफुटी आणि कुंडीतला शोभेचा कलांचो आल्यावर या फुलपाखराला शहरांतही दाणापाणी मिळाले, म्हणून पुण्या-मुंबईच्या सज्ज्यांत ते सहज दिसते. पान पोकळ, पारदर्शक झालेले दिसले तर लगेच फवारणी करू नका. ते उजेडात धरून आत डोकवा.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. ज्यांना शरीरक्रियेची ओढ आहे त्यांनी आम्लाच्या प्रकरणापासून निघावे, ज्यांना औषधाची आहे त्यांनी विषाच्या. पण सर्वांनीच एक थंडी तरी झाडासोबत घालवावी. मार्गशीर्षात पानफुटीच्या कळ्या धरतात, तेव्हापासून दर आठवड्याला एकदा पाहून नोंद ठेवावी. नमुना वाळवून ठेवायचा असेल, तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मांसल पाने दाबपट्टीत घातली तरी आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, कागदातच मुळे आणि रोपे काढतात आणि शेवटी गळून पडतात. म्हणून दाबण्यापूर्वी फांदी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून काढावी, कागद रोज बदलावा, आणि जे वाळल्यावर हमखास नाहीसे होते ते ताज्या झाडावरूनच लिहून घ्यावे: पाकळ्यांचा रंग, नळीची लांबी, पानाची जाडी, फूल खाली झुकलेले होते की वर पाहत होते.